मातेचा आहार आणि बाळाचे दूध

(स्तनपान सप्ताहाच्या निमित्ताने अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका व आशा कार्यकर्त्या यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाला मी सरळच हात घालते. बाळंतिणीच्या आहाराविषयी आपल्या समाजात दोन समजुती शेजारी शेजारी नांदत आहेत. एक म्हणते, आई जे खाते तेच दुधात उतरते. म्हणून अर्धपोटी राहणाऱ्या आईचे दूध निकस असते आणि अशा आईने बाळाला वरचे दूध पाजणे बरे. दुसरी म्हणते, अंगावरचे दूध ही निसर्गाची देणगी आहे. आईने काहीही खाल्ले तरी बाळाला काही कमी पडत नाही. पहिल्या समजुतीपायी बाटली घरात येते. दुसरीपायी आईच्या ताटाकडे कोणी पाहत नाही. ह्या दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. म्हणून आईच्या आहाराने दुधात काय बदलते आणि काय बदलत नाही, याचा नीट विचार आपण आज करू.

दूध कसे तयार होते?

आपल्या प्राचीन वैद्यकाने स्तन्य हा रसधातूचा उपधातू मानला, आणि रस हा आहारापासून निर्माण होतो असे सांगितले. आहार व दूध यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीच ओळखला गेला होता, हे यावरून दिसते. आधुनिक शरीरशास्त्राने त्या संबंधाचे स्वरूप अधिक बारकाईने उलगडले आहे.

स्तनातील पेशी दुधासाठी लागणारी द्रव्ये आईच्या रक्तातून घेतात. दुधातील साखर आणि दुधातील खास प्रथिने ह्या पेशी स्वतःच तयार करतात. हे काम कोणत्या वेगाने चालावे, हे मुख्यतः ठरते ते बाळाच्या चोखण्यावरून. बाळ स्तन चोखू लागले की त्याची वर्दी आईच्या मेंदूपर्यंत पोहोचते. त्यायोगे प्रोलॅक्टिन नावाचा संप्रेरक दूध तयार करण्यास चालना देतो आणि ऑक्सिटोसिन नावाचा दुसरा संप्रेरक तयार दूध बाहेर ढकलतो. स्तन जितका रिकामा होईल तितके नवे दूध भरते. तो भरलेलाच राहिला तर दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. म्हणजेच दूध किती यावे याची पहिली किल्ली आईच्या ताटात नाही. ती बाळाच्या ओठांत आहे. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी घेणे, चीक पिळून टाकून न देता पाजणे आणि दिवसा व रात्री बाळ मागेल तेव्हा पाजणे, यांच्याइतके दूध वाढविणारे दुसरे साधन नाही. "दूध येत नाही" म्हणून वरचे दूध सुरू केले की बाळ कमी चोखते, कमी चोखल्याने दूध खरोखरच कमी होते, आणि मग मूळची चुकीची समजूत खरी ठरल्यासारखी वाटते.

आहाराने फारसे न बदलणारे घटक

मातेच्या दुधाच्या प्रत्येक १०० मिलिलिटरमध्ये साधारणतः ६५ ते ७० उष्मांक, सुमारे १ ग्रॅम प्रथिने, साडेतीन ते चार ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. उरलेला बहुतेक भाग पाण्याचा असतो. म्हणूनच पहिले सहा महिने, अगदी वैशाखातल्या उन्हातही, बाळाला वेगळे पाणी पाजावे लागत नाही. गाईच्या दुधात प्रथिने याच्या सुमारे तिप्पट असतात. परंतु ती वासराच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीसाठी असतात. मानवी दूध दिसायला पातळ असते ते त्यामुळे. "हिचे दूध पाण्यासारखे आहे" हा शेरा जेव्हा एखाद्या घरात ऐकू येईल, तेव्हा ही गोष्ट आपण समजावून सांगावी.

दुधातील साखर, प्रथिने, कॅल्शियम, लोह, जस्त आणि फोलिक आम्ल यांचे प्रमाण आईच्या रोजच्या आहाराने फारसे बदलत नाही. याविषयीचे महत्त्वाचे संशोधन आपल्याच देशात झाले. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक छोटी प्रयोगशाळा निघाली. पुढे ती १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. ह्या संस्थेचे थोर संशोधक डॉ. सी. गोपालन यांनी १९५० नंतरच्या दशकात दक्षिण भारतातील गरीब मातांच्या दुधाचा अभ्यास केला. तुटपुंज्या आहारावर राहणाऱ्या ह्या स्त्रिया आपल्या मुलांना दीर्घ काळ अंगावर पाजत होत्या, आणि त्यांच्या दुधातील प्रथिनांचे प्रमाण सुस्थितीतील मातांच्या दुधापेक्षा फारसे वेगळे नव्हते. आफ्रिकेतील गांबिया देशात केनेबा नावाच्या खेड्यात दूध पाजणाऱ्या मातांना रोजच्या जेवणाखेरीज जादा पौष्टिक अन्न देऊन पाहण्यात आले. त्यामुळे त्यांच्या दुधाचे प्रमाण वाढले नाही. याच देशात पुढे मातांना कॅल्शियमची मात्रा देण्यात आली, तेव्हाही दुधातील कॅल्शियम वाढले नाही.

यावरून एक निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो: गरिबीमुळे आईचे दूध टाकाऊ होत नाही. अत्यंतिक उपासमार सोडली, तर जवळजवळ प्रत्येक आई आपल्या बाळाला पुरेल इतके दूध देऊ शकते. ज्या घरात आईला पोटभर अन्न नाही, तेथे डब्याचे दूधही पुरेसे घट्ट केले जाणार नाही, बाटली उकळण्याइतके सरपण नसेल आणि पाणीही शुद्ध नसेल. अशा घरात वरचे दूध म्हणजे जुलाबाला आमंत्रण. आईच्या कुपोषणावर बाळाचे दूध तोडणे हा उपाय नव्हे; आईला जेवू घालणे हा उपाय आहे.

मग हा खर्च कोण सोसते?

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. आईने कमी खाल्ले तरी दूध उत्तम येते, हे खरे असेल, तर तिच्या आहाराची चिंता कशाला? ह्याचे उत्तर साध्या जमाखर्चात आहे. दूध पाजणारी आई दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर दूध देते. त्यातून रोज सुमारे ५०० उष्मांक, सात-आठ ग्रॅम प्रथिने आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम तिच्या शरीरातून बाहेर जाते. शिवाय दूध तयार करण्यासाठीही शक्ती खर्ची पडते. ही भरपाई आहारातून झाली नाही, तर शरीर स्वतःच्या साठ्यातून देते. चरबी झिजते, स्नायू झिजतात, हाडांतील चुना उचलला जातो. स्तन्यपानाच्या काळात हाडांतील चुना काहीसा कमी होणे हे स्वाभाविकच आहे, आणि बाळ अंगावरचे तोडल्यानंतर ती झीज सामान्यतः भरून निघते. तथापि जी स्त्री गरोदरपणातच पुरेसे वजन न वाढता बाळंत झाली, जिला दोन बाळंतपणांत पुरेसा अवकाश मिळाला नाही आणि जिचे कष्टाचे काम एक दिवसही थांबले नाही, तिच्याजवळ झिजविण्यासारखे असते तरी काय?

लोहाची गोष्ट अशीच आहे. दुधात लोह मुळातच अल्प असते. बाळ आपल्या पहिल्या सहा महिन्यांची लोहाची बेगमी आईच्या पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, करून ठेवते. म्हणून बाळंतिणीने लोहयुक्त पदार्थ खाल्ल्याने बाळाला दुधातून जास्त लोह मिळत नाही. परंतु बाळंतपणात झालेला रक्तस्राव भरून काढण्यासाठी तिला स्वतःला ते हवेच असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. दमलेली, धाप लागणारी, घेरी येणारी आई बाळाला वेळोवेळी जवळ घेण्याचे आणि पुढे त्याला वरचे अन्न निगुतीने भरविण्याचे त्राण कोठून आणणार?

थोडक्यात, ह्या घटकांच्या बाबतीत बाळाचे दूध सुरक्षित राहते, परंतु त्याचे मोल आई आपल्या अंगातून चुकविते. दूध चांगले आहे म्हणजे आईही चांगली आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

आहाराबरोबर बदलणारे घटक

काही द्रव्ये मात्र अशी आहेत की, ती आईजवळ नसतील तर दुधातही येत नाहीत. बहुतेक ब-गटातील जीवनसत्त्वे, अ, क व ड जीवनसत्त्वे आणि आयोडीन ही त्यांपैकी प्रमुख होत. येथे आईची उणीव थेट बाळाची उणीव होते, आणि ती कधी कधी त्याच्या जिवावर बेतते.

थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. गिरणीत पॉलिश केलेला पांढराशुभ्र तांदूळ हेच ज्यांचे मुख्य अन्न, अशा भागांत अंगावर पिणारी, दिसायला बाळसेदार मुले दोन-तीन महिन्यांची असताना एकाएकी धापा टाकू लागत, आवाज बसे आणि हृदय बंद पडून ती दगावत. कारण एकच: तांदळाच्या कोंड्याबरोबर थायामिन फेकले जाई, ते आईला मिळत नसे आणि म्हणून दुधातही उतरत नसे. हा रोग इतिहासजमा झाला असे कोणी समजू नये. अलीकडच्या वर्षांत काश्मीर खोऱ्यातील डॉक्टरांनी अशाच अत्यवस्थ तान्ह्या मुलांचे निदान केले. त्यांच्या माता पॉलिश केलेल्या तांदळावर आणि पथ्याच्या मोजक्या पदार्थांवर राहत होत्या. थायामिनची मात्रा मिळताच ही मुले काही तासांत सुधारू लागली. आपल्याकडे भाताच्या मुलखात, कोकणात आणि पूर्व विदर्भात, बाळंतिणीला केवळ मऊ भात व तूप यांवर ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर हे उदाहरण आठवावे. हातसडीचा किंवा उकडा तांदूळ, ज्वारी-बाजरी, डाळी आणि शेंगदाणे यांत हे जीवनसत्त्व भरपूर असते.

दुसरे उदाहरण ब-१२ जीवनसत्त्वाचे. १९६२ साली वेल्लोर येथील डॉक्टरांनी काही तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले केवळ आईच्या दुधावर होती. सहा महिन्यांनंतर ती सुस्त होत गेली, हसेनाशी झाली, मान धरणारे मूल मान टाकू लागले, रक्त कमी झाले आणि हातापायांची त्वचा काळवंडली. त्यांच्या मातांमध्ये ब-१२ ची उणीव होती. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज पदार्थांतच मिळते. धान्य, डाळी वा भाज्या यांत ते नसते. पुण्याच्या परिसरातील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी माता व बालके यांचा जो दीर्घकाळ अभ्यास चालविला, त्यात आपल्या स्त्रियांमध्ये ह्या जीवनसत्त्वाची उणीव मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले. घरात म्हैस आहे, पण सारे दूध डेअरीत जाते आणि बाळंतिणीच्या चहापुरते थेंबभर उरते, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. शाकाहारी मातेला रोज पेलाभर दूध किंवा वाटीभर दही मिळालेच पाहिजे. जेथे चालते तेथे अंडे द्यावे. जेथे यांपैकी काहीच शक्य नाही, तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी द्यावी.

अ जीवनसत्त्वाचे प्रमाणही आईच्या साठ्यावर अवलंबून असते. पिवळसर चिकात ते विपुल असते. चीक फेकणे म्हणजे बाळाच्या डोळ्यांची व प्रतिकारशक्तीची पहिली पुंजी फेकणे. पुढे पालेभाज्या, शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा, पपई, आंबा आणि थोडे तेल-तूप यांनी ते दुधात टिकते. आयोडीन आयोडीनयुक्त मिठातून मिळते. २००६ साली आयोडीनरहित मिठाच्या खाद्य म्हणून विक्रीवर देशभर बंदी आली. तरीही मीठ उघड्या बरणीत, चुलीच्या धगीशी ठेवल्यास त्यातील आयोडीन कमी होते, हे लक्षात ठेवावे. ड जीवनसत्त्व मात्र आईच्या दुधात स्वभावतःच फार थोडे असते. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी बाळाला रोज ४०० एककांचे थेंब देण्याची शिफारस करतात. तो आईच्या दुधाचा दोष मानू नये.

स्निग्ध पदार्थांविषयी थोडे सांगते. दुधातील त्यांचे एकूण प्रमाण आईने खाल्लेल्या तुपावर फारसे अवलंबून नसते. परंतु त्यांची जात आईच्या आहाराप्रमाणे बदलते. बाळाच्या मेंदूला व दृष्टीला उपयुक्त असणारी काही मेदाम्ले बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत विपुल असतात, आणि अशी मासळी खाणाऱ्या मातांच्या दुधात ती अधिक आढळतात. किनाऱ्यावरच्या गरीब घरातही मिळणारी ही स्वस्त मासळी बाळंतिणीला वर्ज्य करण्याचे कारण नाही. जवसाची चटणी शाकाहारी घरांत उपयुक्त आहे. मात्र ती मासळीची पूर्ण जागा घेत नाही.

पथ्ये: कोणती ठेवावी, कोणती सोडावी?

आपल्या बाळंतपणाच्या रीतींत शहाणपण पुष्कळ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सव्वा महिना विश्रांती, माहेरचा आधार, डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, बाजरीची भाकरी, ताजे गरम अन्न हे सारे आजच्या पोषणशास्त्राला मानवणारे आहे. अळिवात लोह भरपूर. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तीळ, खोबरे व गूळ यांतून थोडक्या घासांत पुष्कळ उष्मांक. ज्या आजीबाईंनी हे पदार्थ निवडले त्यांनी उष्मांक मोजले नव्हते. पण बाळंतिणीची झीज त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

परंतु त्याच रीतींबरोबर काही जाचक बंधनेही आली. डाळ वातुळ, पालेभाजीने बाळाला हगवण लागते, फळांनी सर्दी होते, पाणी प्याल्याने पोट सुटते, अशा कारणांनी नेमके तेच पदार्थ तोडले जातात, ज्यांची आईला व दुधाला गरज असते. डाळीने आईच्या पोटात वायू झाला, तरी तो दुधात जात नाही. थंड फळाचा थंडपणाही दुधात उतरत नाही. आईने तहान लागेल तितके पाणी प्यावे. जबरदस्तीने तांब्यावर तांबे पाणी प्याल्याने दूध वाढत नाही हे जितके खरे, तितकेच तहानलेली ठेवल्याने तिचे हाल होतात हेही खरे. एखाद्या बाळाला आईने खाल्लेल्या विशिष्ट पदार्थाचा, उदाहरणार्थ गाईच्या दुधाचा, त्रास होऊ शकतो. पण असे क्वचित घडते आणि ते डॉक्टरांनी ठरवावे. त्यासाठी साऱ्या मातांचे ताट रिकामे करणे न्याय्य नाही.

आईच्या जेवणाची चव मात्र दुधात उतरते. १९९१ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी मातांना लसूण देऊन पाहिली. दुधाला लसणीचा वास आला, आणि बाळे नाराज न होता उलट अधिक वेळ चोखत राहिली. आईच्या ताटातील निरनिराळ्या चवींशी बाळाची ओळख अशी दुधातूनच होते. पुढे सहा महिन्यांनी वरण-भात भरविताना ती ओळख उपयोगी पडते.

शतावरी, मेथी, बाळंतशेपा, अळीव यांनी दूध वाढते असा लोकानुभव आहे. शास्त्रीय कसोट्यांवर याचा पुरावा अद्याप भक्कम नाही. खीर-लाडूंतून ते पोटात जात असेल तर उत्तमच. पण महागडी औषधे विकत घेऊन दूध-अंड्याचा पैसा संपविणे शहाणपणाचे नव्हे. तंबाखू व मशेरी यांच्याविषयी मात्र कोणताही संदेह नाही. मशेरी घासणाऱ्या आईच्या रक्तातील निकोटीन दुधात जाते. मद्यही दुधात जाते. तरीही अशा आईचे दूध तोडू नका. तिची मशेरी सोडवा. आईने कोणतेही औषध डॉक्टरांना आपण अंगावर पाजतो हे सांगूनच घ्यावे. चहा-कॉफी बेताने घ्यावी, आणि जेवणाबरोबर घेऊ नये. त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही.

किती आणि काय खावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सुधारलेल्या शिफारशींनुसार दूध पाजणाऱ्या मातेला पहिले सहा महिने नेहमीपेक्षा ६०० उष्मांक व सुमारे १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. पुढील सहा महिने ५२० उष्मांक व सुमारे १३ ग्रॅम प्रथिने. हे आकडे घरात सांगून उपयोग नाही. ते भाकरीच्या भाषेत सांगावे लागतील. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे यांतून सुमारे ६०० उष्मांक व २० ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. म्हणजे नेहमीच्या दोन जेवणांवर आणखी एक जेवण. त्यात एक पालेभाजी, लिंबाची फोड किंवा आवळा, आणि पेलाभर दूध वा एखादे अंडे घातले की आई व बाळ दोघांचेही भागते. लिंबामुळे भाजी-भाकरीतील लोह अधिक शोषले जाते. नाचणीचे आंबील, तिळाची वा जवसाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, मोड आलेली मटकी यांपैकी काहीही परक्या बाजारातून आणावे लागत नाही.

याखेरीज बाळंतपणानंतर १८० दिवस लोह व फोलिक आम्लाची रोज एक गोळी आणि सहा महिने कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या आरोग्य केंद्रातून दिल्या जातात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत. कॅल्शियममुळे लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. बाळाला पोटात असताना गोळ्या घेतल्या, आता कशाला, असे अनेक जणी विचारतात. तेव्हा ही गोळी बाळासाठी नाही, तुझ्यासाठी आहे, असे त्यांना स्पष्ट सांगावे.

योजना आणि उंबरठा

शासनाने ह्या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत स्तनदा मातेचा प्रथमपासून अंतर्भाव आहे. अंगणवाडीतून तिला द्यावयाच्या पूरक आहाराचे प्रमाण ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे ठरविण्यात आले. हा आकडा तिच्या वाढीव गरजेशी बरोबर जुळतो, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गरोदरपणी व बाळंतपणानंतर सहा महिने मोफत आहार हा तिचा हक्क ठरविला. आदिवासी भागांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम, चौरस जेवण देण्याची कल्पना आहे.

ह्या कल्पनेतील मर्म आपण ओळखावे. घरी नेलेला शिधा साऱ्या घराचा होतो. सासऱ्यांना वाढले जाते, मोठ्या मुलांना वाढले जाते, आणि ज्याच्या नावाने शिधा आला तिच्या वाट्याला खरवड उरते. तेथेच बसून जेवले तर घास तिच्याच पोटात जातो. तथापि प्रत्येक गावात असे जेवण नाही, आणि वर्षाचे ३६५ दिवस अंगणवाडी उघडी नसते. उरलेले काम घराच्या उंबरठ्याच्या आत करावयाचे आहे. आपल्या घरांत अजूनही सर्वांच्या पंगती उठल्यावर सून जेवते. भाजी संपलेली असते, वरणाचे पाणी राहिलेले असते. दूध पाजणाऱ्या बाईची भूक मोठी असते आणि ती बोलून दाखविणे आपल्याकडे लाजिरवाणे मानले जाते. ऊसतोडीच्या तांड्यावर तर पहाटे कोयता घेऊन निघालेली ओली बाळंतीण दुपारपर्यंत कोऱ्या चहावर असते. तिचे बाळ पाचटाच्या सावलीत रडत असते. तिला कॅल्शियमचे महत्त्व सांगण्याआधी थोडी विश्रांती, पाजण्यापुरती सवड आणि दुपारची भाकरी मिळवून द्यावी लागेल.

म्हणून भगिनींनो, आपण गृहभेटीला जाल तेव्हा केवळ सुनेशी बोलू नका. सासूबाईंना बसवून घ्या, नवऱ्यालाही हाक मारा. "ताईचे दूध कसे आहे?" एवढेच न विचारता "ताई आज काय जेवली? किती वाजता जेवली?" असे विचारा. सासूबाईंच्या लाडवांचे मोकळ्या मनाने कौतुक करा, आणि मग वरणाची वाटी मागा. ज्या आजी नातवासाठी जिवाचे रान करतात, त्यांना तुमच्या नातवाचे दूध सुनेच्या ताटातून येते, एवढे एक वाक्य पटले तर पुढचे पुष्कळ काम आपोआप होते.

दुबळ्या आईलाही धीर द्या. तिचे दूध चांगलेच आहे, तिने बाळाला निःशंकपणे पाजावे, हे तिला सांगा. आणि घरच्या माणसांना सांगा की, हे चांगले दूध ती आपल्या हाडामांसातून देत आहे. ते ऋण रोज एका जादा जेवणाने फेडण्याजोगे आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या, तरच त्या पूर्ण खऱ्या ठरतात. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, नंतर वरच्या अन्नाच्या जोडीने दोन वर्षे व पुढेही अंगावर पाजणे, हा बाळाचा अधिकार आहे. तो अधिकार जिच्यामुळे पुरा होतो, तिला गरम, पोटभर आणि वेळेवर जेवण मिळणे हा तिचा अधिकार आहे. तो तिच्या घरातच तिला मिळवून देण्याचे काम आपण अंगावर घेतले आहे.